हान्स वेर यांचा अरबी–इंग्रजी कोश : नऊ वर्षं वापरून

मुंबईतल्या एका रुग्णालयात मी अरबी रुग्णांच्या कागदांचं इंग्रजी करते. ओमान, येमेन, इराकहून माणसं येतात, सोबत आजाराची अरबीत लिहिलेली हकीकत असते. नवीन असताना एका मुलाच्या कागदात ‘तकरार अल-कै’ आलं. कै म्हणजे उलटी हे ठाऊक होतं. तकरार म्हणजे आपली तक्रारच, असं धरून मी इंग्रजीत ‘उलटीची तक्रार’ लिहून मोकळी झाले. वाचायला अगदी बरोबर. आमच्या मोठ्या बाईंनी तो कागद परत माझ्यापुढे ठेवला आणि हा कोश उघडायला लावला. क-र-र या धातूखाली, म्हणजे शब्द ज्यातून बनतो त्या मूळ अक्षरांखाली, तकरार : पुन्हा पुन्हा होणं. पोराला सारख्या उलट्या होत होत्या आणि नेमकं तेवढंच मी गाळलं होतं. त्याच आठवड्यात स्वतःची प्रत घेतली.

शब्द धातूखाली लावलेत, हीच याची ताकद. ह-स-ल उघडा : तहसील म्हणजे गोळा करणं, महसूल म्हणजे पीक, उत्पन्न, आणि ‘बोलून काय हशील’मधला हशीलही याच घरचा. मराठी माणसाला हे पान वाचताना किती आनंद होतो! पण इथेच नवशिक्या अडतो. ‘इत्तिसाल’, म्हणजे संपर्क, अलिफ या पहिल्या अक्षराखाली शोधाल तर मिळणार नाही. तो व-स-लखाली आहे, आपल्या वसूलच्या शेजारी. शिवाय एकाच धातूपासून बनणारी क्रियापदाची साधित रूपं बहुतेकदा लिहिलेलीच नसतात, नुसता त्या रूपाच्या क्रमांकाचा रोमन आकडा असतो.

मूळ जर्मन कोश १९५२चा, कोवन यांनी संपादलेली इंग्रजी आवृत्ती १९६१ची. मूळ जर्मन कोशासाठी शब्द टिपणाऱ्यांत हेडविग क्लाइन ही ज्यू विदुषी होती. १९४२मध्ये तिला आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत पाठवलं, ती परत आली नाही. कोश उघडताना मला तिची आठवण येते.

माझी चौथी आवृत्ती, १९७९ची. त्यामुळे इंटरनेट, मोबाइलचे शब्द यात नाहीत, आणि इंग्रजीवरून अरबी शोधायची सोय नाही. अक्षर बारीक आहे. रोजच्या वापराने कागदी बांधणीची पाठही सुटते. मी दोनदा शिवून घेतली.

अरबी शिकायच्या पहिल्या वर्षाला घेऊ नका. क्रियापदाची दहा रूपं पाठ झाली की मात्र आधी हाच घ्या.