१२ व्होल्टचं स्टिकर, खाली ६ व्होल्टची कॉइल

जुन्या पॉइंटवाल्या गाडीसाठी ऑनलाइन इग्निशन कॉइल (प्लगला स्पार्क देणारी) मागवणार असाल तर आधी हे वाचा. माझी गाडी १२ व्होल्टची, बॅटरी आणि सीबी पॉइंटवर (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) चालणारी. विकणाऱ्याला मी वायरिंगच्या फोटोसकट सगळं कळवलं होतं, त्यावर त्याचं उत्तर, "ओरिजिनल जुना स्टॉक आहे साहेब, डोळे झाकून लावा."

लावली. गाडी पहिल्या किकला चालू, स्पार्क तर असला जाड की मी खूश. पण थोडं फिरलं की मिसिंग, मग बंद, कॉइल हात लावू नये इतकी तापलेली आणि थंड झाली की परत चालू. पॉइंट उघडून बघितले तर काळे-निळे पडलेले.

त्याला फोन केला तर म्हणे तुमचा रेग्युलेटर गेलाय, चार्जिंग जास्त येतंय, आणि वर माझ्याकडे रेग्युलेटरपण आहे, पाठवू का! चार्जिंग मोजलं, १४ व्होल्टच्या आसपास, म्हणजे एकदम बरोबर. मग कॉइलच सोडवली आणि दोन छोट्या टर्मिनलमधला रेझिस्टन्स बघितला तर जेमतेम दीड ओहम, जो १२ व्होल्टच्या पॉइंटवाल्या कॉइलला साधारण ३ ते ४ हवा. गणित सोपं आहे, १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपिअर, पॉइंट साधारण तेवढंच झेलतात, आणि दीड ओहमला तेच ८ होतात. त्यात इंजिन बंद, चावी चालू आणि पॉइंट मिटलेले असले तर तो सगळा करंट सलग वाहत राहतो, मग कॉइल तापणार नाही तर काय. शंका आली म्हणून स्टिकर खरवडलं तर खाली बॉडीवर ६ व्ही कोरलेलं!

फोटो पाठवल्यावर तो म्हणतो बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करायला कॉइलच्या आधी जोडतात तो) लावा, चालेल. अहो चालेलही, पण मग १२ ची म्हणून विकली कशाला? पैसे परत मागितले तर इलेक्ट्रिकल पार्ट रिटर्न होत नाही म्हणे, आणि नंबर ब्लॉक.

तर पैसे पाठवायच्या आधी मल्टिमीटर लावलेला फोटो मागा, आणि त्यात प्रोबची टोकं एकमेकांना टेकवल्यावर येणारं रीडिंगपण दिसू दे, कारण स्वस्त मीटरच्या वायरीच अर्धा ओहम दाखवतात, तो वजा करायचा. रीडिंग १ च्या खाली आलं तर ती बहुतेक सीडीआयची किंवा दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक, म्हणजे बिनपॉइंटच्या, इग्निशनची कॉइल, पॉइंटला तीपण चालत नाही. उलटी चूकपण होते, ६ व्होल्टच्या गाडीला १२ ची कॉइल लावली तर काही जळत नाही पण स्पार्क मरतुकडा आणि किक मारून पाय दुखतो.

त्याची जाहिरात अजून आहे, फोटो तोच, फक्त आता खाली लिहिलंय "६ आणि १२ दोन्हीला चालेल".