आधी कॉर्बेट की आधी अँडरसन?

शिकारकथा वाचायच्या आहेत, पण कपाटात जागा एकाच जाडजूड खंडाची आहे, अशा वाचकासाठी हे लिहितोय. जिम कॉर्बेट आणि केनेथ अँडरसन हे दोघेही इंग्रजीत लिहिणारे शिकारी, नरभक्षक वाघ-बिबळ्यांच्या कथांसाठी प्रसिद्ध. एकाने कुमाऊँ-गढवाल पायाखाली घातलं, दुसऱ्याने म्हैसूर आणि सेलमचं रान. दोघांच्या पुस्तकांत माणसं मरतात, लेखक मचाणावर बसतो आणि शेवटी गोळी सुटते. बंदुका कुठल्या, नेम कुणाचा सरस, या वादातून हाती काही लागत नाही. दोघांनाही एकच प्रश्न विचारत वाचावं: बाबा, हे तुला कळलं कसं?

गोव्यात हा प्रश्न नेहमीच डोकं वर काढतो. सत्तरीत किंवा सांग्यात कुणी 'वाग आयलो' म्हटलं की ऐकणारा आधी विचारतो, कुठला? पट्टेरी की बिबटो? आपल्याकडे दोघांनाही वाघच म्हणतात. वाघ म्हादईच्या रानात राहतो की कर्नाटकातून नुसता येऊन जातो, हा वाद कितीतरी वर्षं चालला. पुराव्याला असायचे चिखलातले ठसे आणि मेलेली गुरं. जानेवारी २०२०मध्ये गोळावलीच्या बाजूला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले सापडले, तेव्हा उत्तर मिळालं, पण कसं मिळालं! माग वाचणं म्हणजे तपास करणं, एवढं ध्यानात ठेवलं की शिकारीचं पुस्तक निवडणं सोपं जातं.

आधी अँडरसनच्या बाजूने बोलतो, कारण गोव्यातल्या वाचकाला तो जवळचा वाटणार. त्याच्या रानात बांबूची बेटं आहेत, घाणेरीची जाळी आहे, उन्हाळ्यात कोरडा पडणारा खडकाळ ओहोळ आहे. गावांची नावं कानडी नाहीतर तमिळ. चोर्ला घाट उतरणाऱ्या माणसाला ही हवा परकी वाटत नाही. कॉर्बेटचा काकर म्हणजे आपलं भेकर, हे आधी समजून घ्यावं लागतं. त्याचं घुरल तर आपल्याकडे नाहीच. अँडरसन वाचताना असा शब्दकोश लागत नाही. त्याचं अस्वलही आपल्या कामाचं आहे. अर्सिकेरेजवळच्या टेकड्यांतलं ते अस्वल माणसाच्या तोंडावरच का झडप घालतं, आणि रानात अस्वलाशी अवचित गाठ पडणं बिबट्याच्या भेटीहून वाईट का, हे त्याच्याइतकं स्पष्ट लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. म्हादई आणि नेत्रावळीत अस्वलं आहेत, म्हणून हे केवळ करमणुकीपुरतं राहत नाही. माथेफिरू हत्तीवरही त्याने लिहिलंय, आणि तिळारी-दोडामार्गाकडे हत्ती येऊ लागल्यापासून आपल्या भागात तेही वाचण्याजोगं झालंय.

शिवाय अँडरसन गमत्या आहे. त्याच्यासोबतचा पुजारी जमातीचा बायरा तर माणूस म्हणून लक्षात राहतो. रात्री रानात एकट्याने कसं बसावं, विजेरीचं झाकण कधी सरकवावं, चहाचा थर्मास कुठे ठेवावा, असल्या बारीकसारीक गोष्टी तो न कंटाळता सांगतो. चांगली गोष्ट एवढीच अपेक्षा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, अँडरसन घ्या.

माझ्यापुरता निकाल मात्र एका खटकणाऱ्या गोष्टीने लागला. त्याच्या बऱ्याच प्रकरणांची सुरुवात बळी पडलेल्या माणसापासून होते. संध्याकाळ झालेली, माणूस एकटाच, घर अजून अर्धा मैल दूर. त्याच्या मनात काय चाललंय, त्याने वळून कुठे पाहिलं, शेवटच्या क्षणी त्याला काय ऐकू आलं, सगळं आपल्यासमोर मांडलं जातं. वर्णन उत्तम असतं. पण तो माणूस मेला, दुसरं कुणी तिथे नव्हतं आणि लेखक आठवड्याने येऊन पोचला. मग हे सांगितलं कुणी? जमिनीवर फरफटल्याची खूण, तुटलेल्या फांद्या, पडलेली वहाण, यावरून बरंच ताडता येतं, आणि अँडरसनला ते ताडायला येत होतं यात शंका नाही. पण ताडलेलं कुठे संपलं आणि रंगवलेलं कुठे सुरू झालं, ही शिवण तो दाखवत नाही. एकदा हे डोळ्यांत भरलं की पुढच्या प्रत्येक प्रकरणात तीच शिवण शोधत बसावं लागतं. वाचनाची मजा थोडी कमी होते. निदान माझी झाली. तुमचं तसं होईलच असं नाही.

कॉर्बेट अशा जागी बहुधा थांबतो. मी पोचलो तेव्हा हे दिसलं, गावकऱ्यांनी हे सांगितलं, आणि त्यावरून मला असं वाटलं, हे तीन थर तो सहसा वेगळे ठेवतो. याचा सर्वांत चांगला नमुना 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'मधलं चौगढच्या नरभक्षक वाघिणींचं प्रकरण. त्यात चक्क एक तक्ता आहे: गावाचं नाव आणि पुढे बळींचा आकडा. दलकानिया ७, लोहार ८, काला आगर ८, अशी २७ गावं, बेरीज ६४. खाली वर्षवार फोड: १९२६ मध्ये १५, १९२७ मध्ये ९, १९२८ मध्ये १४, १९२९ मध्ये १७, १९३० मध्ये ९. शिकारीच्या पुस्तकात असा हिशेब कोण देतो? बेरीज करून पाहा, दोन्हीकडून ६४ येते.

आणि याच प्रकरणात तो स्वतःची चूक लिहितो. एप्रिल १९२९मध्ये आई आणि तिची वाढलेली मुलगी एकत्र दिसल्या. म्हातारी कुठली हे त्याने कातडीच्या रंगावरून ठरवलं, फिकट दिसणारी निवडली आणि गोळी घातली. मेली ती मुलगी. या चुकीची किंमत पुढच्या बारा महिन्यांत १५ माणसं, असं तोच सांगतो. हे त्याच्याच तक्त्याशी ताडता येतं: १९२९ आणि १९३० मिळून २६ बळी, त्यात १५ नीट बसतात. वाघीण शेवटी ११ एप्रिल १९३०ला पडली. चूक कबूल करणारे लेखक पुष्कळ असतात. चुकीचा आकडा लिहून वाचकाच्या हाती तपासायला देणारे फार नाहीत.

रुद्रप्रयागच्या बिबळ्याचं पुस्तक याहून पुढे जातं. पहिला बळी ९ जून १९१८, शेवटचा १४ एप्रिल १९२६, दोहोंमध्ये सरकारी नोंद १२५. इथेच तो म्हणतो की हा आकडा बरोबर नाही, कारण तो स्वतः तिथे असताना झालेले काही मृत्यू नोंदीत नाहीत. मग शेवटी, बिबळ्या पडल्यावर, अंगावरच्या खुणांची यादी देतो: दात झिजलेले, एक सुळा तुटलेला, आणि मागच्या डाव्या पायाच्या गादीत जुन्या गोळीची जखम. ही जखम महत्त्वाची. १९२१मध्ये दोन तरुण लष्करी अधिकारी रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलावर टपून बसले होते आणि त्यांच्यातल्या एकाने गोळी झाडली होती, हे आधीच्या पानांत येऊन गेलेलं असतं. मेलेला बिबळ्या तोच नरभक्षक, हे इथे लेखकाच्या शब्दावर सोडलेलं नाही. गढवालभर माणसं मारणारा एकच प्राणी होता की दोन-तीन, ही शंका त्या काळी खरोखरच घेतली जात होती, म्हणून या खुणेला वजन.

मोजमापही तो दोन्ही प्रकारे देतो. खुंट्यांमधलं माप म्हणजे नाकाच्या टोकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकायच्या, जनावर बाजूला काढायचं आणि मधलं सरळ अंतर मोजायचं. दुसऱ्या प्रकारात फीत पाठीच्या वळणावरून फिरवतात, त्यात काही इंच वाढतातच. या बिबळ्याचं पहिलं माप ७ फूट ६ इंच, दुसरं ७ फूट १० इंच. कुठल्याही शिकाऱ्याने नुसतं 'दहा फुटी वाघ' म्हटलं तर आधी विचारा, कुठल्या मापाने.

कॉर्बेटला मी डोळे झाकून शंभरपैकी शंभर देत नाही. चंपावतच्या वाघिणीला त्याने १९०७मध्ये मारलं आणि ते प्रकरण ज्यात आहे ते 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' आलं १९४४मध्ये. सदतीस वर्षांनी आठवलेले संवाद शब्दशः खरे कसे असतील? त्या वाघिणीच्या ४३६ बळींतही २०० नेपाळचे आहेत. कुमाऊँचा आकडा २३६ आणि नेपाळचा बरोब्बर २००? हा गोल आकडा ऐकीव आहे, असं धरून चालावं. याउलट अँडरसनच्या पुष्कळ गोष्टी घडल्या आणि लिहिल्या यांतलं अंतर कमी आहे, ही त्याची जमेची बाजू. कॉर्बेटचा गावकऱ्यांविषयीचा जिव्हाळा खरा, पण त्यात मायबाप सरकारचा सूर मिसळलेला असतो आणि तो अधूनमधून कानाला टोचतो. नकाशा हाताशी नसला तर त्याच्या दऱ्याखोऱ्यांत वाचक हटकून हरवतो.

तरी निवड करण्याआधी एक प्रयोग करून पाहा. दोघांनीही वाघाच्या हाकेची नक्कल करून वाघिणीला बोलावलंय: कॉर्बेटने ठाक गावाजवळ, ३० नोव्हेंबर १९३८ला, आणि अँडरसनने जवळागिरीत. कॉर्बेटचं ठाकचं प्रकरण 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'च्या शेवटाकडे आहे, अँडरसनचं जवळागिरीचं 'नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग' या १९५४च्या पुस्तकात. एका बैठकीत दोन्ही वाचा. धडधड अँडरसनच्या गोष्टीत जास्त होते, हे मान्य. ठाकच्या गोष्टीत मात्र उजेड किती उरला होता, लेखक कुठल्या कातळाच्या कडेला होता, वाघीण कुठून येत होती, याचा आराखडा कागदावर काढता येतो. गोळीच्या धक्क्याने लेखक कातळावरून मागे पडतो तो खालच्या माणसांच्या आणि बकरीच्या अंगावर. शौर्याच्या क्षणी असलं हसू करून घेणारा माणूस बाकीचंही खरं सांगत असावा, असं मला वाटतं. पुरावा म्हणून हे कच्चं आहे, हे कबूल.

आता खरेदीचं. कॉर्बेट १९५५मध्ये वारला, त्यामुळे भारतात त्याचा स्वामित्वहक्क २०१५अखेर संपला आणि तेव्हापासून ज्याला वाटेल तो छापतो. प्रती स्वस्त झाल्या, पण सगळ्या सारख्या नाहीत. अँडरसन १९७४मध्ये गेला, त्याची पुस्तकं अजून हक्काखाली आहेत, म्हणून तिथे निवडीचा घोळ कमी. मराठी अनुवाद घेणार असाल तर दोन गोष्टी आधी पाहा. मैल आणि यार्ड यांचं काय केलंय? एकाच पानात मैल आणि पुढे किलोमीटर आले तर मागाचा हिशेब लागत नाही. दुसरं, इंग्रजी शिकारी 'पँथर' लिहितात तो आपला बिबळ्याच. अनुवादकाने 'पँथर' तसाच ठेवला असेल तर नवखा वाचक वेगळंच जनावर समजतो. काळा पँथर म्हणजेही काळा बिबळ्या, वेगळी जात नव्हे. गोव्याच्या रानातही तो आहे.

घेण्याआधी पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाच्या यादीत शोधून पाहायला हरकत नाही. विकत घेतलंत तर दोन पुस्तकांचा एक खंड टाळा. डिंकाने चिकटवलेला जाड कणा आपल्या जून-जुलैच्या दमटपणात आधी सुटतो. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत ओल धरून बुरशी येते. पुस्तक भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

ज्याला बंदूकच नको, त्याच्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' आहे. आणि माग काढण्यातूनच विज्ञान कसं निघालं असावं, अशी ओढ लागली तर लुई लीबेनबर्गचं 'द आर्ट ऑफ ट्रॅकिंग', १९९०चं. कालाहारीचे शिकारी ठशांवरून आधी अंदाज बांधतात आणि मग पुढच्या ठशाने तो तपासतात, हा त्याचा मुद्दा. पण ती नंतरची पुस्तकं.

मी कॉर्बेटपासून सुरुवात करा म्हणेन, अँडरसन दुसऱ्या पावसाळ्यात. दुकानात कॉर्बेटची प्रत हातात आली की चौगढचं प्रकरण उघडा आणि २७ गावांचा तक्ता शोधा. तो गाळलेला असेल तर प्रत परत फळीवर ठेवा.