मीटिओर ३५०ची बॅकरेस्ट: निवड मागे बसणाऱ्याची

छत्रपती संभाजीनगरहून बीड, धाराशिवमार्गे तुळजापूरला जाताना राष्ट्रीय महामार्ग ५२वर चालवणाऱ्याच्या हाताला निदान हँडलचा आधार असतो. मागे बसणाऱ्याच्या कमरेला मात्र तासन्‌तास स्वतःलाच सावरून धरावे लागते. रॉयल एनफील्डच्या मीटिओर ३५० या मोटरसायकलच्या सुपरनोव्हा प्रकारात बॅकरेस्ट, म्हणजे मागे बसणाऱ्याला पाठ टेकायची गादी, मुळातच येते. आमच्या गाडीला ती नसल्यामुळे बाजारातून घेतली आणि निवड पत्नीवर सोपवली.

दुकानातली सर्वांत रुबाबदार बॅकरेस्ट उंच होती, परंतु तिची वरची कड खांद्यांच्या मध्ये रुतत होती आणि जिथे आधार हवा त्या कमरेपाशी पोकळी राहत होती. घेतलेली बॅकरेस्ट बुटकी, रुंद आणि मागेपुढे सरकवता येणारी आहे. ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण गादी फार पुढे आली तर प्रत्येक ब्रेकला हेल्मेटवर हेल्मेट आपटते आणि फार मागे गेली तर पाठ टेकण्यासाठी घसरून बसावे लागते. फोम घट्ट आहे. अंगठ्याने दाबल्यावर आतली पत्र्याची पट्टी हाताला लागत असेल, तर ती खराब रस्त्यावर पाठीलाही लागणारच. काळे रेक्झिन मात्र परभणीच्या मे महिन्यातील उन्हासाठी नव्हे, म्हणून त्यावर जाळीचे कव्हर शिवून घेतले.

काही बॅकरेस्ट बसवताना मूळ ग्रॅब रेल, म्हणजे मागे बसणाऱ्याने धरायचा दांडा, काढावा लागतो. अशी वस्तू मी घेणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ मागच्या प्रवाशासाठी कायमस्वरूपी हातधरणी मागतो, आणि आपल्याकडे साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बायकांचा डावा हात तिथेच असतो. त्यांच्या पाठीला बॅकरेस्टचा काहीही उपयोग नसतो. उलट ती दंडाला टोचते आणि चढता-उतरताना आड येते.

नटबोल्ट थरथरीने सैल होतात, त्यामुळे बसवल्यावर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून घ्यावेत. आमची बॅकरेस्ट पान्याशिवाय निघते, म्हणून सासूबाईंना अंबाजोगाईला न्यायचे असले की ती घरीच ठेवतो.