शाळेच्या ग्रंथालयातला खटपट कोपरा: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी शाळेच्या ग्रंथालयाचे काम पाहते. या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला आम्ही वाचनकक्षाच्या एका टोकाला मेकरस्पेस, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू बनवून पाहण्याची जागा, सुरू केले आणि आता त्याला रोजच्या वापराचे दहा महिने झाले आहेत. पहिल्याच आठवड्यात मुले त्याला ‘खटपट कोपरा’ म्हणू लागली आणि तेच नाव टिकले, म्हणून इथेही मी तेच वापरते. सुरुवात करण्यापूर्वी मी जे वाचले होते, त्यात कोणती यंत्रे घ्यावीत याची चर्चा भरपूर होती. ती यंत्रे आल्यानंतर सहाव्या महिन्यात काय घडते, याविषयी मात्र फारसे हाती लागले नव्हते. ज्यांना असा कोपरा सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी तेवढा भाग लिहीत आहे.

सुरुवातीला आमच्याकडे दोन भक्कम टेबले होती. साहित्यात नालीदार पुठ्ठा, कात्र्या, पुठ्ठा कापायच्या प्लॅस्टिकच्या करवती, कमी तापमानावर चालणाऱ्या दोन ग्लू गन, सुया-दोरे, एलईडी, बटण सेल, तांब्याची चिकटपट्टी, दहा मायक्रोबिट (प्रोग्रॅम लिहून चालवायचे छोटे संगणक-बोर्ड), साध्या वस्तूंना संगणकाची कळ बनवणारे दोन मेकी मेकी संच आणि एक थ्रीडी प्रिंटर एवढे होते. मुलांना सर्वांत उपयोगी काय पडेल, याचा माझा अंदाज त्या वेळी या यादीच्या शेवटापासून सुरू होत असे. आज मला कोणी विचारले, तर मी यादी पुठ्ठ्यापासून सुरू करेन आणि प्रिंटरपर्यंत सावकाश येईन.

सर्वांत मोठी अडचण आली ती अर्धवट राहिलेल्या वस्तूंची. आमचा तास पस्तीस मिनिटांचा आहे. साहित्य घेण्यात आणि शेवटी टेबल आवरण्यात पंधरा मिनिटे जातात, म्हणजे प्रत्यक्ष कामाला वीसच मिनिटे उरतात, आणि एवढ्या वेळात पुठ्ठ्याचा पूल किंवा दोऱ्यांनी बोटे हलणारा हात पूर्ण होणे शक्य नसते. पहिले दोन महिने अपुरे राहिलेले काम आम्ही एका मोठ्या खोक्यात ठेवत होतो. खोक्यात ते दबून मोडत असे, किंवा पुढच्या वर्गातली मुले त्यातली चाके आणि काड्या काढून आपल्या कामाला लावत. आपली वस्तू मोडलेली पाहून काही मुलांनी येणेच सोडले. त्याहून वाईट म्हणजे, जी येत राहिली ती वीस मिनिटांत संपेल एवढेच काम निवडू लागली. टेबले भरलेली दिसत होती, रोज काहीतरी तयार होत होते, आणि मी त्यालाच यश समजत होते. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस नोंदवही चाळली, तेव्हा तीच ती पुस्तकखूण आणि तीच ती नावाची पाटी पुन्हा पुन्हा दिसली, आणि मग चूक लक्षात आली.

खरे तर या अडचणीचे उत्तर ग्रंथालयाला फार पूर्वीपासून माहीत आहे. कोणताही वाचक एका बैठकीत पुस्तक संपवेल अशी अपेक्षा आपण कधीच करत नाही. म्हणूनच देवघेव असते, मुदत असते, मुदतवाढ असते आणि पुस्तकात खूण ठेवायची सोय असते. तेच नियम आम्ही वस्तूंना लावले. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड एका फडताळातून हलवले आणि ते पूर्ण फडताळ अपुऱ्या कामांना दिले. यावर सहकाऱ्यांमध्ये चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र आपण सगळे ग्रंथपाल परीक्षेसाठी पाठ करतो, आणि वाढ म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फक्त पुस्तकांची संख्या येते. वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या खंडांच्या जागी मुलांचे चालू काम ठेवणे हीसुद्धा वाढच आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता प्रत्येक कामाला एक उथळ ट्रे मिळतो आणि ट्रेवर एक पत्र, म्हणजे माहितीचे कार्ड, लावलेले असते. त्यावर मुलाचे नाव व वर्ग, ट्रे ठेवल्याची तारीख आणि ‘पुढे काय करायचे आहे’ अशी एक ओळ असते. मुदत तीन आठवड्यांची आणि मुदतवाढ एकदा. त्यानंतरही काम पुढे सरकले नाही, तर मुलाला विचारून वस्तू सुटी करायची आणि साहित्य परत जागेवर ठेवायचे. दुसऱ्याच्या ट्रेमधला एकही भाग घ्यायचा नाही, हा एकच नियम आम्ही काटेकोरपणे पाळला.

पत्रावरच्या ‘पुढे काय करायचे आहे’ या ओळीचे महत्त्व मला हळूहळू कळले. सुरुवातीला मुले तिथे ‘चिकटवायचे’ किंवा ‘पूर्ण करायचे’ एवढेच लिहीत. काही आठवड्यांनी ‘डावा खांब दोन सेंटीमीटर आखूड आहे, नवीन कापायचा’ किंवा ‘चक्राचे दात एकमेकांत अडकतात, का ते शोधायचे’ असे लिहिलेले दिसू लागले. असे लिहिणाऱ्या मुलाला पुढच्या वेळी आल्यावर काय करू, असे कोणाला विचारावे लागत नाही. ट्रे घेऊन ते थेट कामाला लागते. आणि माझी सोय अशी झाली की संध्याकाळी पत्रे वाचून मी योग्य ट्रेमध्ये योग्य पुस्तक ठेवू लागले. दातेरी चक्रे अडकणाऱ्या मुलीच्या ट्रेमध्ये मी साध्या यंत्रांवरचे पुस्तक नेमक्या पानावर चिठ्ठी घालून ठेवले; पुढच्या आठवड्यात ती दोन्ही चक्रांवरच्या दातांमधले अंतर मोजत बसलेली दिसली. मेकरस्पेस ग्रंथालयातच का असावे, प्रयोगशाळेत किंवा रिकाम्या वर्गात का नको, असे कोणी विचारले, तर मी त्या ट्रेकडे बोट दाखवते.

पुस्तकांविषयी आणखी एक गोष्ट. करून पाहण्याची पुस्तके ड्यूई दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तके विषयवार क्रमांकांनी मांडायच्या पद्धतीत, एकत्र येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्स ६२१.३८१ मध्ये, लाकूडकाम ६८४ मध्ये, शिवणकाम ६४६.२ मध्ये आणि हस्तकला ७४५.५ मध्ये, अशी ती सगळ्या मांडणीत विखुरलेली असतात. वर्गांक न बदलता आम्ही यातली निवडक पुस्तके कोपऱ्याशेजारच्या एका कप्प्यात ठेवली आणि तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, त्यांच्यापुढे तशी नोंद केली. गोंदाच्या हातांनी ती हाताळली जाणार हे गृहीत धरून त्यांना जाड पारदर्शक वेष्टने घातली. साहित्यालाही आम्ही पुस्तकांसारखे दाखल अंक (नोंदणीचे क्रमांक) दिले. प्रत्येक संच एका पिशवीत असतो, आत काय काय आहे याचे पत्र पिशवीला अडकवलेले असते, आणि संच पुस्तकाप्रमाणेच घरी नेता येतो. परत आल्यावर मोजणी करायला वेळ लागतो, पण ती टाळली की महिन्याभरात सगळे संच अपुरे होतात, हा आमचा अनुभव आहे.

पुठ्ठा हे सर्वांत समृद्ध साहित्य ठरले. नालीदार पुठ्ठा नाल्यांच्या दिशेने सहज दुमडतो आणि आडवा दुमडला की वेडावाकडा चुरगळतो. नाल्या उभ्या ठेवल्या तर तोच पुठ्ठा खांबासारखा भार पेलतो. हे मी सांगितलेले नाही, दोन पूल कोसळल्यानंतर सहावीच्या मुलांनी स्वतः शोधून काढले आणि नंतरच्या मुलांसाठी भिंतीवर चित्र काढून लावले. चूक झाली तर नवा तुकडा कापायचा, एवढेच नुकसान असल्यामुळे पुठ्ठ्यावर काम करताना कोणी घाबरत नाही.

कागदी सर्किटचा अनुभवही चांगला आहे. तीन व्होल्टचा बटण सेल, तांब्याची पट्टी आणि एलईडी एवढ्यात शुभेच्छापत्र उजळते. एका मुलाने एकाच सेलवर लाल आणि पांढरा एलईडी शेजारी शेजारी समांतर जोडला आणि पांढरा पेटतच नाही अशी तक्रार घेऊन आला. त्याने दोन पांढरे एलईडी बदलून पाहिले होते. लाल एलईडीला सुमारे दोन व्होल्ट पुरतात आणि पांढऱ्याला सुमारे तीन लागतात; लाल दिवा एकदा पेटला की त्या छोट्या सेलचा विद्युतदाब इतका खाली ओढला जातो की पांढऱ्याला पुरेसे काही उरत नाही. हे कारण त्याला पुस्तकातून सापडायला दोन दिवस लागले. मी ते एका मिनिटात सांगू शकले असते. न सांगितल्याचे मला समाधान आहे. पट्टीच्या जोडांबाबत मात्र एक सूचना करते: वळणावर पट्टी तोडून दुसरा तुकडा वर चिकटवू नये, कारण तिच्या खालच्या गोंदातून वीज नीट जाईलच असे नाही. अखंड पट्टी घडी घालून वळवावी.

बीबीसीच्या पुढाकाराने २०१६ साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांच्या हाती आलेले मायक्रोबिट आम्हाला उपयोगी पडले, पण पहिला महिना केबलींनी खाल्ला. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या यूएसबी केबलींपैकी काही फक्त चार्जिंगच्या असतात; त्या जोडल्या की बोर्डवर दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही आणि मुलांना आपला प्रोग्रॅमच चुकला असे वाटते. माहिती वाहून नेणाऱ्या केबलींना आम्ही हिरवी पट्टी लावली आणि बाकीच्या ग्रंथालयातून काढून टाकल्या. आमचे बोर्ड २०२०च्या आवृत्तीचे असल्याने त्यात मायक्रोफोन आहे. आठवीच्या तिघींनी त्यावर आवाजमापक बनवला: कक्षातला आवाज वाढला की पंचवीस दिव्यांपैकी जास्त दिवे लागतात. कोपऱ्यातल्या गडबडीने वाचता येत नाही, अशी वाचणाऱ्या मुलांची तक्रार तेव्हा जोरात होती आणि ती रास्तही होती. मापक चार दिवस वाचनाच्या टेबलावर ठेवल्यावर असे दिसले की बोलण्यापेक्षा खुर्च्या सरकवण्याचा आवाज कितीतरी जास्त आहे. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे लावले आणि तक्रार बरीच कमी झाली. उरलेल्या तक्रारीसाठी आठवड्यातले दोन दिवस पूर्ण शांततेचे ठेवले आहेत. त्या दिवशी कोपऱ्यात शिवण, रेखाटन आणि कागदकाम एवढेच चालते.

प्रिंटरबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. ०.२ मिलिमीटर जाडीच्या थरांनी पाच सेंटीमीटर उंचीची वस्तू छापायची म्हणजे एकावर एक २५० थर. एका वस्तूला दोन तास धरले, तरी तीस मुलांच्या वर्गासाठी साठ तास लागतात. मुले रांगेत थांबतात, थांबून कंटाळतात आणि शेवटी आयत्या मिळालेल्या की-चेनच्या फायली छापून घेतात, ज्यात त्यांचे स्वतःचे काहीच नसते. शिवाय पीएलए फिलामेंट, म्हणजे छपाईचा प्लॅस्टिकचा धागा, हवेतला ओलावा शोषते. रीळ उघडे राहिले की छपाईच्या वेळी चटचट आवाज येतो आणि वस्तूवर बारीक तंतू लोंबतात. रीळ सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि छपाईचा पाटा बोटांच्या तेलकटपणापासून स्वच्छ ठेवणे, या दोन सवयींनी आमच्या निम्म्याहून अधिक अडचणी सुटल्या.

पाचव्या महिन्यापासून आम्ही छपाईसाठी अट घातली: वस्तूचे माप स्वतः कॅलिपरने (जाडी आणि व्यास मोजायच्या साधनाने) घेतलेले असावे, आधी कागदावर रेखाटन असावे आणि ती पुठ्ठ्याने का होणार नाही हे सांगता आले पाहिजे. मागणी एकदम घटली आणि कामाचा दर्जा वाढला. पुस्तकांच्या ढकलगाडीच्या चाकाचे तुटलेले टोपण दोन मुलांनी मोजून, आराखडा काढून, छापून बसवले. ते चौथ्या प्रयत्नात बसले, कारण छापलेले भोक आराखड्यातल्या मापापेक्षा किंचित लहान येते आणि तेवढी मोकळीक आधीच धरावी लागते. ती गाडी आजही त्याच टोपणावर चालते.

विजेच्या कामाच्या टेबलावर ठरावीक चार-पाच मुलगेच बसतात, हे तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आले. सूचना देऊन फरक पडला नाही. वीजवाहक दोरा आणून शिवणकाम आणि दिवे एकाच टेबलावर ठेवले, तेव्हा गट आपोआप मिसळले: शिवणारे सर्किट शिकले आणि सर्किटवाले टाके घालायला शिकले. या दोऱ्याच्या मोकळ्या शेपट्या एकमेकींना टेकल्या की सेल लगेच संपतो, त्यामुळे गाठीजवळ दोरा आखूड कापून त्यावर नेलपॉलिशचा थेंब द्यावा.

सुरक्षिततेबाबत दोनच गोष्टींचा आग्रह धरते. बटण सेल कुलपात ठेवावेत आणि मोजून द्यावे-घ्यावेत. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते, आणि संपलेला सेलही घातक ठरू शकतो. घरी जाणाऱ्या वस्तूत सेल चिकटपट्टीने पक्का बांधलेला असल्याची खात्री मी स्वतः करते. दुसरे म्हणजे सोल्डरिंग, म्हणजे तापलेल्या टोकाने धातू वितळवून तारा जोडणे, ग्रंथालयात करू नये. टोकाचे तापमान साडेतीनशे अंश सेल्सियसच्या आसपास, वर फ्लक्सचा (जोड नीट बसण्यासाठी वापरायच्या पदार्थाचा) धूर आणि शेजारी कागदाची फडताळे. ते काम आम्ही प्रयोगशाळेत हलवले.

या कोपऱ्याची किंमत माझ्या वेळात मोजावी लागते, हेही सांगायला हवे. रोज तासाभराची आवराआवर, मोजणी आणि पत्रे वाचणे यामुळे या वर्षी नव्या पुस्तकांची तालिका मागे पडली. आवरण्याचे काम मुलांच्या पाळ्यांवर सोपवल्यापासून थोडा दिलासा मिळाला आहे, पण मोजणी दुसऱ्या कोणावर टाकता आलेली नाही. जिथे ग्रंथपालाकडे आधीच वर्गांचे तास आहेत, तिथे आठवड्यातून दोन दिवसच कोपरा उघडावा, असे मी सुचवेन.

पुढच्या वर्षासाठी मी सलग दोन तासांची, म्हणजे सत्तर मिनिटांची वेळ मागितली आहे आणि ती मंजूर झाली आहे. नवे यंत्र मागितलेले नाही. अपुऱ्या कामांचे फडताळ भरून गेले असून आज त्यावर एकेचाळीस ट्रे आहेत. दुसरे फडताळ रिकामे करण्याचे काम या सुट्टीत हाती घेणार आहे.