आयआरएमधून थेट देणगी, पैसे काढून देणगी, की शेअर्सची देणगी?

अमेरिकेत नोकरीची वर्षे काढून आता सत्तरी ओलांडलेली अनेक मराठी जोडपी दरवर्षी नेमाने देणगी देतात. कोणी मंदिराला, कोणी मराठी शाळेला, तर कोणी महाराष्ट्रातल्या एखाद्या कामाला. किती द्यायचे हे त्यांचे पक्के असते, पण कोणत्या खात्यातून द्यायचे याचा विचार बहुधा झालेला नसतो आणि कराचा सगळा फरक नेमका तिथेच पडतो.

पहिला मार्ग सर्वांच्या सवयीचा आहे. वयाच्या ७३ व्या वर्षापासून आयआरएमधून, म्हणजे निवृत्तीसाठीच्या ज्या बचत खात्यातून काढलेल्या पैशावर कर लागतो त्यातून, दरवर्षी जी सक्तीची रक्कम काढावी लागते, म्हणजे आरएमडी, ती बँकेत जमा करायची आणि मग संस्थेला चेक लिहायचा. दुसरा मार्ग क्यूसीडीचा, म्हणजे ‘क्वालिफाइड चॅरिटेबल डिस्ट्रिब्यूशन’चा आहे. ही सोय २००६ च्या कायद्याने आली आणि २०१५ च्या अखेरीस कायमस्वरूपी झाली. वयाची साडेसत्तर वर्षे पूर्ण झाली की पारंपरिक आयआरएमधली रक्कम खाते सांभाळणाऱ्या कंपनीकडून थेट संस्थेला पाठवता येते. २०२५ साठी तिची मर्यादा माणशी १ लाख ८ हजार डॉलर होती. ही रक्कम आरएमडीत मोजली जाते, मात्र करपात्र उत्पन्नात धरली जात नाही.

फरक किती पडतो हे एका हिशोबातून पाहू. पती-पत्नी दोघेही ७४ वर्षांचे आहेत, एकत्र रिटर्न भरतात आणि २२ टक्क्यांच्या टप्प्यात येतात, असे धरू. २०२५ साठी त्यांचे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता मिळणारी सरसकट वजावट, ज्येष्ठांची नेहमीची वाढीव रक्कम धरून, ३४,७०० डॉलर होते. घराचे कर्ज फिटलेले आहे आणि घरपट्टी व राज्याचा आयकर मिळून २२,००० डॉलर जातात. त्यात १०,००० ची देणगी मिळवली तरी बेरीज ३२,००० च होते, त्यामुळे आयटमाइझ करण्यात, म्हणजे सरसकट वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवून वजावट घेण्यात, अर्थ उरत नाही आणि देणगीची वजावट हाती लागत नाही. पहिल्या मार्गाने दिलेल्या त्या १०,००० डॉलरवर त्यांना २,२०० डॉलर केंद्रीय कर भरावा लागतो, तर क्यूसीडीने दिल्यास काहीच नाही. २०२६ पासून आयटमाइझ न करणाऱ्या जोडप्याला रोख देणगीवर २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते, पण तेवढ्याने ही दरी भरून निघत नाही.

ज्यांची घरपट्टी भरमसाट आहे त्यांचे गणित थोडे वेगळे आहे. राज्याच्या आणि स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा २०२५ पासून बहुतेकांसाठी १०,००० वरून ४०,००० डॉलरवर गेल्यामुळे न्यू जर्सीसारख्या राज्यातले अनेक जण पुन्हा आयटमाइझ करू लागतील आणि त्यांना पैसे काढून दिलेल्या देणगीचीही वजावट मिळेल. तरीही मी त्यांना क्यूसीडीच सुचवेन. वजावट नंतर मिळते. त्याआधी आरएमडी एजीआयमध्ये, म्हणजे समायोजित एकूण उत्पन्नात, जमा झालेली असते आणि पुढच्या बऱ्याच गोष्टी त्याच आकड्यावर ठरतात. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाचा, किती भाग करपात्र होणार, हे त्या उत्पन्नावरून ठरते. मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर बेतलेला असतो. २०२५ च्या हप्त्यासाठी जोडप्याची सीमा २,१२,००० डॉलर होती आणि ती एका डॉलरने ओलांडली तरी दोघांनाही वर्षभर वाढीव हप्ता भरावा लागतो. शिवाय २०२५ ते २०२८ या काळात ६५ वर्षांवरील प्रत्येकाला मिळणारी ६,००० डॉलरची जादा वजावट जोडप्याचे उत्पन्न दीड लाखापुढे गेले की घटू लागते, आणि पुढच्या दर १०,००० डॉलरमागे दोघांचे मिळून १,२०० डॉलर त्यातून कमी होतात.

तिसरा मार्ग किंमत वाढलेल्या शेअर्सचा. २,००० डॉलरना घेतलेले आणि वर्षाहून अधिक काळ ठेवलेले शेअर्स आज १०,००० चे असतील आणि ते तसेच संस्थेच्या नावे केले, तर ८,००० च्या नफ्यावरचा कर टळतो आणि आयटमाइझ करणाऱ्याला वजावट खरेदीच्या किमतीवर नव्हे, तर १०,००० च्या बाजारभावावर मिळते. साडेसत्तरीच्या आतल्यांसाठी हाच मार्ग उत्तम आहे. त्यानंतर मात्र मुलांचा विचार करावा. वारसाहक्काने मिळालेल्या शेअर्सची मूळ किंमत मृत्युदिनाच्या भावाने नव्याने धरली जाते, त्यामुळे मुलांना जुन्या नफ्यावर कर लागत नाही. पारंपरिक आयआरए मिळाला तर तो साधारणपणे दहा वर्षांत रिकामा करावा लागतो आणि काढलेल्या रकमेवर त्यांना कर भरावा लागतो. म्हणून कराचे ओझे असलेला पैसा संस्थेला द्यावा आणि शेअर्स मुलांसाठी राखावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्यूसीडीत चुकायला जागा आहे. आमच्या ओळखीच्या एका काकांनी मार्चमध्येच पूर्ण आरएमडी बँकेत जमा केली आणि डिसेंबरमध्ये मंदिराला दिलेली देणगी क्यूसीडी धरता येईल का, असे विचारले. ते शक्य नव्हते, कारण एकदा हाती आलेली रक्कम मागाहून क्यूसीडी ठरत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी जानेवारीतच अर्ज दिला. कंपनीचा चेक त्यांच्याच पत्त्यावर आला, त्यावर नाव मंदिराचे होते, आणि काकांनी तो स्वतः कार्यालयात नेऊन देऊन पावती घेतली. चेक संस्थेच्या नावाचा असेल तर असे चालते. मात्र देणगीच्या बदल्यात स्नेहभोजनाचे एक तिकीट जरी घेतले, तरी ती देणगी क्यूसीडी राहत नाही. वर्ष संपल्यावर येणाऱ्या १०९९-आर फॉर्मवर काढलेली सगळी रक्कम दिसते, म्हणून त्यातली क्यूसीडी किती हे रिटर्न भरणाऱ्याला आवर्जून सांगावे, नाहीतर तिच्यावरही कर भरला जातो.

४०१(के) मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती बचत योजनेतून, ही सोय मिळत नाही. पैसे आधी आयआरएमध्ये वळवावे लागतात. डोनर-अॅडव्हाइज्ड फंडालाही, म्हणजे देणगी आधी जमा करून पुढे सवडीने संस्थांना वाटण्याच्या फंडालाही, क्यूसीडी देता येत नाही, त्यामुळे तीन-चार वर्षांची देणगी एकदम त्या फंडात टाकून आयटमाइझ करायचे असेल तर शेअर्सच वापरावेत.

महाराष्ट्रातल्या संस्थेला आयआरएमधून थेट पैसे पाठवले तर ती क्यूसीडी होत नाही. त्यासाठी १९७८ पासून अमेरिकेत काम करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या, अमेरिकेत नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत जावे लागते. सोबतच्या पत्रात आपल्या आवडीचे काम सुचवता येते, पण पैसे कोणाला द्यायचे याचा अंतिम निर्णय त्या संस्थेकडेच राहतो, हे लक्षात घेऊनच पत्र लिहावे.