पाहुणा अभ्यासक म्हणून जायचं तर कुठं? हैदराबाद, बर्मिंगहॅम, हार्टफर्ड की रोम

पीएच.डी. हातात पडली किंवा पडायच्या बेतात आली आणि विषय इस्लाम किंवा मुस्लिम-ख्रिस्ती संबंधांच्या आसपासचा असला, की कोल्हापूर-सांगलीकडच्या अभ्यासकापुढे साधारण चार नावं येतात. हैदराबादची हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट, इंग्लंडातलं बर्मिंगहॅम विद्यापीठ, अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातली धर्मशास्त्र संस्था (पुढे नुसतं हार्टफर्ड) आणि रोममधली व्हॅटिकनच्या अखत्यारीतली अरबी व इस्लाम अध्ययन संस्था, जिला सगळे 'पिसाई' म्हणतात. काही महिन्यांसाठी निघायचं तर यातलं कुठलं, एवढाच हा हिशेब.

पाहुणा अभ्यासक ही नोकरी नव्हे, हे आधी मनात पक्कं करा. बहुतेक ठिकाणी बसायला टेबल, ग्रंथालयाचं कार्ड आणि चर्चासत्रांना हजर राहायची मुभा मिळते. पगार नसतो; काही विद्यापीठं उलट शुल्क घेतात. त्यामुळे संस्थेचं नाव किती मोठं, हा प्रश्न शेवटी. तुमचे कागद कुठं आहेत आणि ते तुम्हाला वाचता येतात का, हे दोन प्रश्न आधी.

हैदराबादपासून सुरुवात करू, कारण तिथं रात्रीच्या बसनेही जाता येतं आणि व्हिसा लागत नाही. ही संस्था १९३० मध्ये लाहोरला निघाली, मुसलमानांमध्ये काम करणाऱ्या मिशनऱ्यांना इस्लाम शिकवण्यासाठी. अलिगढ, जबलपूर, लखनौ असे मुक्काम बदलत १९७१ मध्ये ती हैदराबादला आली. वाटेत तिचा हेतूच बदलला. आज तिथला भर धर्मांतरावर नाही, आंतरधर्मीय संबंध आणि सलोख्यावर आहे. जुन्या शहरात दंगलींची झळ बसलेल्या वस्तीत तिने शाळा आणि महिलांसाठी कामं उभी केली. पुस्तकातला संवाद गल्लीत उतरताना कसा दिसतो, हे पाहायला भारतात यापेक्षा सोयीची जागा मला माहीत नाही. शिवाय शहर हैदराबाद आहे: उस्मानिया, मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ, सालारजंग संग्रहालयातली हस्तलिखितं, सगळं हाताशी. उर्दू येत असेल तर इथले दोन महिने परदेशातल्या सहा महिन्यांना भारी पडतील. उणी बाजू अशी, की बायोडेटावर या नावाला बर्मिंगहॅमइतकं वजन मिळत नाही. निवड समित्या असाच हिशेब करतात. तो बरोबर आहे असं मी म्हणत नाही.

बर्मिंगहॅमचं इस्लाम आणि ख्रिस्ती-मुस्लिम संबंधांचं केंद्र १९७६ मध्ये सेली ओक कॉलेजांत सुरू झालं आणि १९९९ मध्ये विद्यापीठात सामावलं. ख्रिस्ती आणि मुस्लिम प्राध्यापकांनी एकाच छताखाली हा विषय शिकवायचा, ही त्याची मूळ कल्पना. दोन धर्मांच्या लोकांनी शतकानुशतकं एकमेकांविषयी काय लिहिलं, याचा डेव्हिड थॉमस यांच्या संपादनाखाली तयार झालेला अनेक खंडांचा संदर्भग्रंथ याच परंपरेतला. पण आपल्या दृष्टीनं खरी मौज कॅडबरी रिसर्च लायब्ररीत आहे. इराकमध्ये जन्मलेल्या अल्फोन्स मिंगाना यांनी चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्याच्या पैशावर १९२० च्या दशकात जमवलेली हस्तलिखितं तिथं आहेत. त्यातल्याच कुराणाच्या दोन पानांची रेडिओकार्बन चाचणी झाली आणि चर्मपत्राचा काळ इ.स. ५६८ ते ६४५ निघाला. २०१५ मध्ये त्याची जगभर बातमी झाली. आपल्या जास्त कामाचं म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीचं दफ्तर. या सोसायटीचं नाशिककडे मोठं काम होतं. विषय नाशिक, औरंगाबाद किंवा मुंबईचा असेल तर डोळे झाकून बर्मिंगहॅम.

विषय कोल्हापूरचा असेल तर मात्र हार्टफर्ड. हे नाव आपल्याकडे कमी ऐकू येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. शहरातलं वाइल्डर मेमोरियल चर्च आपल्याला ठाऊक आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला. पुढे अमेरिकेत कॉलेजातल्या मुलांना परदेशी मिशनकार्यासाठी तयार करणाऱ्या चळवळीचा तो म्होरक्या झाला. त्याच्या कॉलेजभेटींतून ज्यांनी नावं दिली, त्यांत सॅम्युएल झ्वेमर होते. झ्वेमरांनी बहरीन आणि कैरोत बरीच वर्षं काम केलं आणि १९११ मध्ये इस्लामविषयी एक त्रैमासिक काढलं. तेच 'द मुस्लिम वर्ल्ड'. १९३८ मध्ये ते हार्टफर्डकडे आलं. मुसलमानांना ख्रिस्ती करण्याच्या हेतूनं निघालेल्या या नियतकालिकात पुढे मुस्लिम अभ्यासक बरोबरीनं लिहू लागले. हा पालट कसा झाला, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे आणि त्याचं एक टोक कोल्हापुरात आहे.

इस्लाम आणि ख्रिस्ती-मुस्लिम संबंधांचं हार्टफर्डचं मॅकडॉनल्ड केंद्र १९७३ मधलं. संस्था लहान आहे, हा तिचा गुण, प्राध्यापक भेटतात. रॉबर्ट वाइल्डरची कागदपत्रं येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र ग्रंथालयात, न्यू हेवनला आहेत. तिथं रेल्वेनं तासाभरात पोचता येतं. कोल्हापूर, कोडोली, मिरज, सांगली इथं काम करणाऱ्या प्रेस्बिटेरियन मिशनचं दफ्तर फिलाडेल्फियात आहे. मिरजेत एकीकडे मीरासाहेबांचा दर्गा आणि दुसरीकडे डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल. या दोन जगांचा रोजचा संबंध कसा होता, हे विचारायला अजून भरपूर जागा आहे.

रोमबद्दल थोडक्यात. पिसाईची मुळं ट्युनिसमधली, १९२६ ची. संस्था १९६४ मध्ये रोमला आली, आणि पुढच्याच वर्षी व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांविषयीची आपली भूमिका बदलली. १९७५ पासून निघणारं 'इस्लामोक्रिस्तियाना' तिचंच. तिथल्या कामाचा पाया अरबी आहे. अरबी पक्की नसेल तर अर्ज करू नका. असेल तर चौघांत हीच पहिली. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनचं १९९३ चं केंद्रही लोक सुचवतात. तिथला रोख समकालीन राजकारण आणि धोरणांवर आहे. मोडी लिपीतले कागद आणि मिशनचे अहवाल घेऊन जाणाऱ्यानं तिथं काय करायचं?

आता रजेचं आणि व्हिसाचं. ब्रिटनमध्ये शैक्षणिक अभ्यागत म्हणून बारा महिन्यांपर्यंत राहता येतं, पण आपल्या संस्थेतून अभ्यासरजेवर असल्याचं दाखवावं लागतं. कायम प्राध्यापकाला हे जमतं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याकडे रजाच नसते, तर ती दाखवणार काय? त्याच्यासाठी अमेरिकेचा जे-१ व्हिसा त्यातल्या त्यात सोपा, कारण तिथं बोलावणाऱ्या संस्थेचं पत्र आणि पैशाची सोय या गोष्टी मुख्य असतात. अल्पमुदतीच्या गटात कमाल सहा महिने मिळतात आणि मुदतवाढ होत नाही. पैशासाठी फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती आहे. इटलीत नव्वद दिवसांच्या वर राहायचं तर वेगळा राष्ट्रीय व्हिसा. आणि मेच्या सुट्टीत इंग्लंडला जाऊ म्हणणाऱ्यांनो, तेव्हा तिथं परीक्षा असतात: दफ्तरखाना उघडा, चर्चासत्रं संपलेली.

माझा कौल विचाराल तर आधी एक उन्हाळा हैदराबाद, मग हार्टफर्ड. पण दोन्हींच्याही आधी आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातले संस्थानाचे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधून ठेवलेले कागदांचे गठ्ठे. मिशनच्या अहवालात मुसलमान दिसतो तो मिशनऱ्याच्या नजरेतून. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढलं, तेव्हा इथल्या मुसलमानांच्या स्वतःच्या मागण्या काय होत्या, याचा माग लागला तर तो दरबारच्या कागदात लागेल, आणि हा माल परदेशातल्या कुणाकडे नाही. अर्जाच्या पत्रात हेच पहिल्या परिच्छेदात लिहा: कुठल्या रुमालातले कागद वाचलेत, त्यातून कुठला प्रश्न उभा राहिला, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडच्या कुठल्या संग्रहात सापडेल असं तुम्हाला वाटतं. आंतरधर्मीय सलोख्याच्या महत्त्वावरचा परिच्छेद तिथं प्रत्येक अर्जात असतो. तो गाळला तरी चालेल.