घरात आजारपण आहे, कोणतं पुस्तक नेऊ?

मुलुंडला आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या शनिवारी दहा-बारा जण जमतो आणि वाचून झालेली पुस्तकं आपसांत फिरवतो. जगण्यामरण्यावरची पुस्तकं सगळ्यांत जास्त फिरतात, आणि वादही त्यांच्यावरूनच होतात. ‘एकच घ्यायचं तर कोणतं?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: मनात मरण कुणाचं आहे? स्वतःचं, की आईवडिलांचं? आणि ते व्हायचंय, की होऊन गेलंय?

आईवडील ऐंशीच्या पुढे आहेत, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू आहेत, तर मी डोळे झाकून अतुल गावंडे यांचं ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) हातात देते. लेखक अमेरिकेतले सर्जन, पण वडील महाराष्ट्रातल्या उटी गावचे. आजोबा सीताराम शंभरी ओलांडूनही शेतावर नजर ठेवून होते, आणि गेले ते चालू लागलेल्या बसमधून उतरताना पडून. इथपर्यंत आलं की आमच्याकडचे सगळे ज्येष्ठ खूश. ‘बघा, आपल्याकडे म्हाताऱ्यांना घरात मान असतो!’ पुढची पानं मात्र गावंडे आपल्या बाजूनं लिहीत नाहीत. आजोबांची ती ऐट सांभाळायला घरातली बाकीची माणसं राबत होती, आणि तरुणांना संधी मिळाली की ते वेगळं राहणंच पसंत करतात, हे ते सरळ सांगतात. यावरून आमच्याकडे एकदा चहा गार झाला. सुना एका बाजूला, सासवा दुसऱ्या.

पुस्तकातला एक प्रसंग तर प्रत्येक जण सांगतोच. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक मुलगी आपल्या वडिलांना विचारते की कितपत हाल सोसायची तयारी आहे? ते म्हणतात, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आलं तरी मला जगायचंय. पुढं ऑपरेशननंतर गुंतागुंत झाल्यावर डॉक्टरांना काय सांगायचं, हे मुलीला या एका उत्तरामुळे ठरवता आलं. आमच्यातल्या एकीनं घरी जाऊन सासऱ्यांना हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, ‘सकाळचा पेपर स्वतः वाचता आला पाहिजे. दुसऱ्यानं वाचून दाखवलेला नको.’ तिनं ते कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलंय.

म्हणून हे पुस्तक वाचलेले लोक पुढच्या वेळी, उपचार कुठवर चालू ठेवायचे हे आधीच लिहून ठेवण्याच्या कागदपत्रांबद्दल विचारतात. आपल्याकडे हा प्रश्न परळच्या केईएम रुग्णालयात ४२ वर्षं अचेतन पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळे २०११ साली सर्वोच्च न्यायालयात ऐरणीवर आला. २०१८ मध्ये न्यायालयानं जिवंतपणीच्या इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते.

मिच अल्बम यांचं ‘ट्यूजडेज विथ मॉरी’ (१९९७) गावंडेंच्या पुस्तकाच्या अगदी उलट. पातळसं, मुलुंड ते सीएसएमटी अशा तीन-चार फेऱ्यांत संपणारं. स्नायू निकामी करणाऱ्या आजारानं अंथरुणाला खिळत चाललेले प्राध्यापक आणि दर मंगळवारी त्यांच्याकडे जाणारा, कामात बुडालेला जुना विद्यार्थी. तिशी-चाळिशीतले वाचक यावर रडतात, मित्रांना फोन लावतात. सत्तरीतल्या एक काकू मात्र म्हणाल्या, ‘हे सगळं कीर्तनात ऐकलंय गं.’ काकूंचं अगदीच चुकलं नाही, मॉरींची वाक्यं भिंतीवर लावायच्या तोऱ्यात येतात. पण एक दिवस आपलं ढुंगणही दुसऱ्याला पुसावं लागेल, ही भीती ते बोलून दाखवतात आणि मग ती मदत लाज न बाळगता घ्यायला शिकतात, तो भाग खरा आहे. घरात अंथरुणावरचं माणूस सांभाळणाऱ्या त्याच काकूंनी ती दोन पानं परत वाचली, हेही सांगते.

पॉल कलानिधी यांचं ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’ (२०१६) लेखन म्हणून या तिन्हींत सरस. न्यूरोसर्जन, फुफ्फुसाचा कॅन्सर, ३७ व्या वर्षी मृत्यू, पुस्तक अर्धवट, शेवट पत्नीनं लिहिलेला. पण कुणाच्या घरी नुकतंच तरुण माणूस गेलं असेल तर हे नेऊ नका. मी अशाच एकीच्या घरी नेलं होतं. तीन महिन्यांनी ते परत आलं, खूण एकविसाव्या पानावर. मीही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

अशा घरी, तेराव्यानंतर काही दिवसांनी, मी आता विनोबांची ‘गीताप्रवचने’ देते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी दिलेली प्रवचनं, साने गुरुजींनी उतरवून घेतलेली. धार्मिक म्हणून तरुण मंडळी नाक मुरडतात, पण ते बोलणं कैद्यांसमोरचं आहे, साधं आणि मराठीतच जन्मलेलं. मरणाची आठवण कशी ठेवावी, हे आठव्या अध्यायात आहे, तेवढं वाचलं तरी पुरे. इंग्रजी वाचायचा कंटाळा असलेल्या आजोबांनाही हेच द्या. किंमतही किरकोळ, आणि दादरला सहज मिळतं.

तेव्हा तुमच्याकडे डॉक्टरांची पुढची तारीख ठरलेली असेल तर गावंडे, आणि तेही तारखेच्या आधी, कारण आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून कुणाचं वाचन होत नाही. नोकरीनं जीव मेटाकुटीला आला असेल तर मॉरी. कलानिधी स्वतःसाठी घ्या, दुसऱ्याला देऊ नका. माझी गावंडेंची प्रत सध्या बी विंगमधल्या एका शेजाऱ्यांकडे आहे. त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, त्यामुळे ती मी मागायला जाणार नाही.